चौऱ्याऐंशी, नव्या नियमाने

पत्र्याच्या डब्यात जुने ड्रॉ आहेत सगळे,
सायक्लोस्टाइल केलेले, कडा पिवळ्या पडलेल्या,
विद्यापीठाचा शिक्का अर्धाच उमटलेला.
त्यातला चौऱ्याऐंशीचा मी वरच ठेवतो.

विभाग चार, प्रत्येकातून एकच संघ पुढे.
आमचं कुर्ल्याचं रात्रीचं कॉलेज आणि ते वांद्र्याचं:
गुण सारखे, मारलेले गोल सारखे,
खाल्लेलेसुद्धा सारखे.
मग काय, चार आण्याचं नाणं.
गोलपोस्टसमोरच्या चिखलात पडलं.
पंचांनी रुमालाने पुसून पाहिलं.
काटा.
छापा मी म्हणालो होतो. मी गोलकीपर, मी कप्तान.
का म्हणालो, कोणी विचारलं नाही.

निवृत्त माणसाला एवढी चैन परवडते:
मी नियम बदलतो.
विभागातून दोन संघ. आठांची बाद फेरी.
माटुंग्याच्या इंजिनियरांना आम्ही दोन-एकने काढतो
(त्यांचा स्टॉपर परीक्षेच्या काळजीत आहे, हे मी धरून चालतो).
उपांत्य फेरी गुरुवारी, कूपरेजवर, साडेतीनला.

इथे पेन्सिल अडते.
कारण खऱ्या चौऱ्याऐंशीत त्या गुरुवारी साडेतीनला
आमचा लेफ्ट विंगर मुरारी खोत
साकीनाक्याच्या कारखान्यात बदली शिफ्टवर उभा होता.
हंगाम संपला होता ना आमचा.
प्रेसवरचा डाय निसटला.
डाव्या पायाची तीन बोटं.

नव्या नियमाने तो तेव्हा कॉर्नर घेतोय.
चेंडू ठेवतो, दोन पावलं मागे येतो,
पुन्हा पुढे जाऊन चेंडू जरासा फिरवतो.
ही त्याची सवय. पंच शिट्टी फुंकून दमायचे.

पण आम्ही कप उचलला तर वांद्र्याचा ऑब्री घोन्साल्विस उचलत नाही.
आणि रेल्वेतली नोकरी त्याला त्या कपावर लागली.
मग क्वार्टर नाही, मग लग्न वेळेवर नाही,
मग मरोळची ती दातांची डॉक्टर नाही,
ऑब्रीची थोरली,
जिने गेल्या साली माझी दाढ काढली
आणि बाबांचा दोस्त म्हणून पैसे अर्धेच घेतले.
एक रेघ इकडची तिकडे केली
की पलीकडे कोण कोण खोडलं जातं.
जिभेने मी दाढेची रिकामी जागा चाचपतो.

म्हणून सोळा संघ करून पाहिले.
साखळी करून पाहिली, घरच्या-बाहेरच्या मैदानांसकट, एप्रिलपर्यंत.
संयुक्त विजेतेही केले एकदा:
कप सहा महिने कुर्ल्याला, सहा महिने वांद्र्याला.
बायको म्हणाली, वीजबिल भरायचं राहिलंय.

रविवारी कागद घेऊन विक्रोळीला गेलो,
मुरारीच्या चाव्यांच्या दुकानात.
त्याने कानस खाली ठेवली, चष्मा कपाळावरून उतरवला,
बराच वेळ बोट फिरवत राहिला रेघांवरून.

"माटुंग्याशी आपण हरलो असतो," म्हणाला.
"का?"
"पेनल्टीला तू नेहमी डावीकडे पडायचास.
माटुंग्याला ठाऊक होतं. अख्ख्या मुंबईला ठाऊक होतं."

मी काही बोललो नाही.
एक गिऱ्हाईक आलं, गोदरेजची चावी, दोन नग.
त्या करून देऊन तो पुन्हा कागदाकडे वळला.

"बरं, जिंकलो धरू.
पण मॅच असती तरी मी शिफ्टच केली असती रे.
बदलीचे बावीस रुपये होते.
तुला सांगितलं असतं, मावशी आजारी आहे."

माझ्या खिशातली पेन्सिल काढून घेतली त्याने,
मागच्या रबराने गुरुवार खोडला,
कागद थोडा फाटला.
"उपांत्य फेरी रविवारची घे.
रविवारी सुट्टी असते."

मग कानस उचलली,
आणि दाते पाडता पाडता, वर न बघता:
"या खेपेला काटा म्हण."